लग्न झालं, पुढे काय?

मराठी माणसं कुठेही जमू देत, ऑफिसचं कॅन्टीन असो, लग्नाची पंगत असो नाहीतर सकाळची डोंबिवली लोकल, गप्पांची गाडी कधी ना कधी 'अशी ही बनवाबनवी'च्या स्टेशनात थांबतेच. आणि थांबली की कोणीतरी म्हणतंच, "यार, ह्याच्यावर मालिका काढायला पाहिजे राव. धो धो चालेल!"

वरवर बघता मुद्दा बिनतोड आहे. चार मित्र, एक घर, एक घरमालकीण, चार नायिका. पात्रं तयार, प्रेक्षक तयार. अर्ध्या महाराष्ट्राला संवाद पाठ. लेखकाने नुसतं बसायचं आणि लिहीत सुटायचं. आणखी काय पाहिजे?

पण जरा थांबा. ती मालिका मनातल्या मनात चालवून बघा. सिनेमा १९८८ चा, दिग्दर्शक सचिन, लेखक वसंत सबनीस. मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मध्ये. घर मिळवायचं म्हणून चौघांपैकी दोघं जण उरलेल्या दोघांच्या बायका होतात. आता पहिला भाग, मजा आली. दुसरा भाग, पदर घसरता घसरता वाचला. पाचवा भाग, दाढी वाढलेली दिसता दिसता राहिली. पंधराव्या भागात आपल्या मनात काय येईल? "अहो लीलाबाई, तुमचे डोळे फुटले का?" म्हणजे खोटं उघडं पडलं तर मालिका संपली, आणि नाही पडलं तर बिचाऱ्या लीलाबाई काळभोर ठार मूर्ख ठरल्या. आपल्याला तर त्या बाई आवडतात! तीन तासांत जे खोटं आपण आनंदाने चालवून घेतो, तेच तीस आठवडे चाललं की समोरच्या माणसाचा अपमान व्हायला लागतो.

ही माझी नुसती कल्पना नाही. अमेरिकेत १९८० साली 'बॉसम बडीज' नावाची मालिका आली होती. दोन मित्रांची राहती इमारत पाडली जाते, स्वस्तातलं भाडं फक्त बायकांसाठी असलेल्या हॉटेलात, म्हणून दोघंही साड्या (बरं, फ्रॉक) नेसून तिथे राहायला जातात. त्यातला एक होता तेव्हा कोणालाच माहीत नसलेला टॉम हँक्स. दोन सीझन चालली आणि १९८२ साली बंद झाली. गंमत म्हणजे दुसऱ्या सीझनमध्ये लेखकांनी सरळ ते सोंग बाजूला ठेवलं. ज्या युक्तीवर मालिका उभी होती, तीच पायात यायला लागली होती.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिनेमा हा एकदा चालून संपणारा प्रोग्रॅम आहे. इनपुट घेतला, गोंधळ घातला, आउटपुट दिला, बंद. सिटकॉम हा लूप आहे. दर आठवड्याला सगळे व्हेरिएबल पुन्हा होते तिथे आणून ठेवायचे आणि तरी प्रत्येक वेळी नवीन काहीतरी घडल्यासारखं वाटलं पाहिजे. त्यामुळे हिट सिनेमाची मालिका करायची म्हणजे भाग पाडायचे आणि जाहिराती टाकायच्या इतकं सोपं नाही. सिनेमातली सगळ्यात जोरदार गोष्ट, म्हणजे त्याचं कथानक, तेच आधी फेकून द्यावं लागतं. आणि मग उरतं काय ते बघावं लागतं. बऱ्याचदा काहीच उरत नाही.

आता मंडळी, हे कोडं मराठीत एकदा फार सुरेख सुटलेलं आहे. तेही 'हम लोग' येण्याच्या कितीतरी आधी, टीव्ही काळा-पांढरा असताना. आजची गोष्ट त्याची.

चिं. वि. जोशी हे नाव आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचलं आणि तिथेच सोडून दिलं. माणूस मोठा मजेदार. जन्म १८९२ चा, पुण्याचा. बडोद्याला प्राध्यापक, पाली भाषेचे अभ्यासक, बुद्धाच्या जातककथांवर काम केलेले. आणि असा गंभीर गृहस्थ फावल्या वेळात चिमणराव नावाच्या एका कारकुनाच्या फजितीच्या गोष्टी लिहायचा. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ साली आलं, पाठोपाठ १९३३ साली 'चिमणरावाचे चऱ्हाट'. चिमणराव म्हणजे मध्यमवर्गीय, घाबरट, पण स्वतःच्या मते जबाबदार कुटुंबप्रमुख. सोबतीला नात्यातला भाऊ गुंड्याभाऊ, दणकट, हातात सोटा, डोक्यात आलं की करून मोकळा होणारा. घरात बायको काऊ आणि मोरू, राघू, मैना ही पोरं. (सगळं घर पक्ष्यांचं आहे हे कितव्या वाचनात लक्षात आलं, खरं सांगा!)

या जोडीवर पहिला सिनेमा आला १९४० साली, 'लग्न पहावे करून'. नवयुग चित्रपट, दिग्दर्शक मास्टर विनायक, म्हणजे नंदाचे वडील. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून 'ब्रह्मचारी' काढून धमाल उडवून दिली होती. (हेच ते अत्रे, ज्यांच्या नावाचं रंगमंदिर कल्याणला आहे.) चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर, तिरळ्या नजरेचे, नुसते समोर आले तरी थिएटर हसायचं असं त्यांच्याबद्दल सांगतात. गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. सिनेमा चालला, आणि १९४२ साली त्याच जोडीचा 'सरकारी पाहुणे' आला.

पहिल्या सिनेमाच्या नावाकडे बघा. लग्न! सिनेमावाल्याला दोन-अडीच तास प्रेक्षक खुर्चीत बसवून ठेवायचा असतो, त्यासाठी एक लांब दोरी लागते. आपल्याकडे लग्नाइतकी लांब आणि गुंत्याची दोरी दुसरी कुठली? स्थळं, पत्रिका, हुंडा, मानापमान. आणि मुख्य म्हणजे त्या दोरीला शेवट असतो. अक्षता पडल्या, दिवे लागले, घरी चला.

पण मालिकेचा प्रश्न नेमका अक्षता पडल्यानंतर सुरू होतो. लग्न झालं, पुढे काय?

याचं उत्तर न मिळालेलं एक उदाहरण सांगतो. २००२ साली अमेरिकेत 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' नावाचा छोट्या बजेटचा सिनेमा अफाट चालला. ग्रीक मुलगी, बिगर-ग्रीक मुलगा, मुलीचं भलंमोठं गोंगाट करणारं खानदान. (आपण बघितला तर वाटतं अरे, हे तर आमच्या मावशीकडचं कार्य!) पुढच्याच वर्षी सीबीएसने त्याची मालिका काढली, 'माय बिग फॅट ग्रीक लाइफ'. नायिका तीच, आईवडील तेच. नायकाचं काम करणारा नट मिळाला नाही म्हणून दुसरा आणला आणि पात्राचं नावही बदललं. मालिका सात भागांत आटोपली. कारणं पुष्कळ असतील, पण मला एक ठळक दिसतं. त्या सिनेमातला सगळा ताण "हे लग्न होणार का" यात होता. लग्न होऊन गेल्यावर ते खानदान नुसतंच गोंगाट करत राहिलं.

आता येऊ १९७७ सालात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं. एकच चॅनेल, तेही संध्याकाळपुरतं. टीव्हीला लायसन्स लागायचं. लाकडी खोक्याला सरकतं दार, वर क्रोशाचं झाकण, गच्चीवर अँटेना, आणि त्या अँटेनावर कावळा बसला की चित्राला मुंग्या. डोंबिवली-कल्याण तेव्हा गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून जागेच्या शोधात आलेल्या लोकांनी भरत होतं. नाटक बघायचं तर लोकलने दादर गाठायचं, शिवाजी मंदिरात बसायचं आणि तिसऱ्या अंकात शेवटच्या गाडीची काळजी करायची. ठाण्याला गडकरी रंगायतन उभं राहिलं तेच १९७८ साली. अशा वेळी बिल्डिंगमध्ये ज्या एका घरी टीव्ही असेल तिथे दारापर्यंत माणसं बसायची. आई सांगते, त्यांच्याकडे चपलांचा ढीग एवढा व्हायचा की घरी परतताना कोणाच्या पायात कोणाची चप्पल याचा हिशेब दुसऱ्या दिवशी लागायचा.

या खोक्यात १९७७ ते १९७९ या काळात चिमणराव आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

मालिकावाल्यांनी जी गोष्ट बरोबर केली ती अशी, की त्यांनी सिनेमाची मालिका केली नाही. सिनेमा ओलांडून ते थेट पुस्तकाकडे गेले. लग्नाची लांब दोरी सोडून दिली आणि जोशींच्या सुट्या कथा उचलल्या. आणि त्या कथा म्हणजे तयार लूप! चिमणरावांच्या डोक्यात काहीतरी येतं, किंवा कोणीतरी भरवतं. गुंड्याभाऊ त्यात उडी घेतो. सगळा बोऱ्या वाजतो. काऊ काय बोलायचं ते बोलते. आणि दुसऱ्या दिवशी चिमणराव पुन्हा होते तिथे, तेवढेच घाबरट, तेवढाच स्वतःवर विश्वास. फजितीतून माणूस काही शिकला तर पुढच्या आठवड्यात करायचं काय? चिमणराव काहीच शिकत नाहीत. सिनेमासाठी हा दोष आहे, कारण सिनेमाचा नायक शेवटी थोडा तरी बदलावा लागतो. मालिकेसाठी हाच सगळ्यात मोठा गुण.

जोशींनी हे टीव्हीसाठी लिहिलं नव्हतं, हे उघडच आहे. ते १९६३ साली गेले, मुंबईत टीव्ही यायच्या नऊ वर्षं आधी. पण एका वेळी एक कथा, तीच पात्रं, प्रत्येक वेळी नवी फजिती, ही रचना आणि साप्ताहिक मालिकेची रचना एकच आहे. सिनेमाने मधल्या काळात ती रचना वितळवून एक लांब कथा केली होती. मालिकेने ती परत सुटी केली.

अर्थात एवढ्याने काम भागत नाही. मोठी अडचण पुढेच होती. पुस्तकातल्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात. सगळा विनोद त्या "मी"मध्ये आहे. हा गृहस्थ स्वतःविषयी गंभीरपणे, मोठ्या आदराने लिहितो आणि वाचकाला ओळींच्या मधून दिसत राहतं की प्रत्यक्षात काय झालं असेल. आता कॅमेरा आला की तो "मी" गेला. कॅमेरा सगळं बाहेरून दाखवतो. पुस्तकात चिमणराव म्हणतील की मी धीराने पुढे झालो, पडद्यावर मात्र आपल्याला पाय लटपटताना दिसणार. दोन वाक्यांमधलं अंतर, जिथे हसू होतं, तेच नाहीसं होतं.

ते अंतर परत आणायचं काम नटावर येतं. प्रभावळकरांचा चिमणराव आठवून बघा (थोडंफार यूट्यूबवर सापडतं). अंग घाबरलेलं आणि बोलणं ऐटीत. खांदे आत ओढलेले, पण वाक्याची सुरुवात कुटुंबप्रमुखाची. म्हणजे पुस्तकात जो फरक "सांगितलेलं" आणि "घडलेलं" यांच्यात होता, तो त्यांनी आवाज आणि शरीर यांच्यात आणून ठेवला. माझ्या मते अख्ख्या रूपांतरातली हीच कळ होती. शब्द तेच ठेवणं म्हणजे मुळाशी इमान नव्हे, हसू जिथून येतं ती जागा शोधून नव्या माध्यमात तिची सोय लावणं म्हणजे इमान. आमच्याकडे जुनी सिस्टीम नवीन प्लॅटफॉर्मवर नेताना जो तो कोडची ओळन् ओळ उतरवायला जातो आणि मग युजर म्हणतो की सगळं आहे पण पूर्वीसारखं वाटत नाही, तसंच आहे हे.

दुसरी अडचण चेहऱ्याची. ज्यांनी दामुअण्णांना बघितलं होतं त्यांच्यासाठी चिमणराव म्हणजे दामुअण्णाच. नव्या नटाला दर भागात दोन माणसांशी सामना करायचा असतो, एक पात्राशी आणि एक आधीच्या नटाशी. यात काय होतं याचा नमुना म्हणजे 'फेरिस ब्यूलर'. १९८६ चा हिट सिनेमा, शाळेला दांडी मारून शहरभर हिंडणाऱ्या पोराचा एक दिवस. १९९० साली एनबीसीने मालिका काढली. पहिल्याच भागात नव्या फेरिसने सिनेमातल्या नटाचा, मॅथ्यू ब्रॉडरिकचा, पुठ्ठ्याचा पुतळा करवतीने कापला. म्हणजे काय, तर 'त्याला विसरा, आता मी आहे.' लोक विसरले नाहीत. तेरा भागांत कारभार आटोपला. त्याच वर्षी दुसऱ्या चॅनेलवर 'पार्कर लुईस' नावाची मालिका आली, त्याच सिनेमाच्या वळणावर बेतलेली, पण नाव वेगळं, पात्रं वेगळी. ती तीन सीझन चालली! हक्क विकत घेतलेली पडली आणि नुसता वास घेतलेली टिकली.

चिमणरावांना इथे काळाने मदत केली. सिनेमा आणि मालिका यांच्यात सदतीस वर्षं गेली होती. व्हिडिओ कॅसेट नव्हत्या, जुना सिनेमा परत परत बघायची सोय नव्हती. डोंबिवलीच्या त्या भरलेल्या खोलीत आजोबांना दामुअण्णा आठवत असणार, पण पोरांसाठी प्रभावळकर हेच पहिले चिमणराव. आज ही सवलत कोणाला नाही. 'बनवाबनवी' अजून रोज कुठे ना कुठे चालू असतो, त्यामुळे नवा धनंजय माने उभा राहायच्या आत अशोक सराफ शेजारच्या खिडकीत हजर!

पुस्तक, सिनेमा आणि मग मालिका, अशी तीन मजली इमारत अमेरिकेतही एक आहे, आणि ती जगप्रसिद्ध आहे. 'मॅश'. रिचर्ड हूकरची कादंबरी १९६८ ची, रॉबर्ट आल्टमनचा सिनेमा १९७० चा आणि सीबीएसची मालिका १९७२ पासून. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळातले डॉक्टर. सिनेमा बेफाम आणि उर्मट. दोन तासांत चालून गेला. पण तेवढा उर्मटपणा दर आठवड्याला घरात कोण घेणार? लॅरी गेलबार्ट आणि मंडळींनी हळूहळू ते पोरकटपण कमी करत डॉक्टरांचा थकवा, त्यांची चीड पुढे आणली. चॅनेलला हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज हवाच होता, शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगात हसू वाजवायचं नाही. प्रत्यक्ष युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली अकरा! २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी बघितला. आणि आल्टमनला मात्र ती मालिका कधीच आवडली नाही. साहजिक आहे. त्याच्या सिनेमातलं जे त्याला सगळ्यात प्रिय होतं, तेच काढून टाकल्यामुळे ती जगली होती.

आता डोंबिवलीकडे परत. १९३० च्या सुमाराचं धोतर-कोट-टोपीतलं पात्र १९७७ च्या टेरिकॉटच्या शर्टवाल्यांना आपलं का वाटलं? माझा अंदाज असा की कपडे जुने असले तरी घर जुनं नव्हतं. लहान जागा, महिनाअखेर, न सांगता आलेले पाहुणे, बाहेर साहेबाला घाबरायचं आणि घरात साहेब व्हायचं. वन रूम किचनमध्ये आठ माणसं बसून हे बघत होती, त्यांना संदर्भ लागत नव्हता.

हवं तर आजचा प्रयोग करून बघू. समजा चिमणराव आज डोंबिवलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सिनेमा करायचा तर विषय पुनर्विकास. बिल्डर येतो, सभासद भांडतात, गुंड्याभाऊ सोटा घेऊन बिल्डरच्या ऑफिसात, आणि शेवटी नव्या घराची किल्ली हातात. टाळ्या, पडदा. मालिका करायची तर मात्र इमारत पडताच कामा नये. विषय टाकीचं पाणी. विषय पार्किंग. विषय लिफ्टचा मेंटेनन्स तळमजल्याने का द्यावा. दर महिन्याला मीटिंग, दर महिन्याला ठराव, आणि पाणी येतं तेव्हाच येतं. सिनेमा प्रश्न सोडवतो. सिटकॉमला प्रश्न सांभाळून ठेवावा लागतो, लोणच्यासारखा.

आणि इथेच मला या प्रकाराचं मोठेपण दिसतं. आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य सिनेमासारखं नसतंच. मोठा शेवट, मोठा बदल, किल्ली हातात, असं फार थोड्यांचं. बाकीचे सोमवारी परत होते तिथे. चिमणराव दर आठवड्याला हरतात आणि दर आठवड्याला काऊ त्यांना जेवायला वाढते, हे कुठल्याही हॅपी एंडिंगपेक्षा जास्त धीर देणारं आहे. दारापर्यंत बसलेली ती माणसं हसता हसता हेच बघत असावीत.

पण या लूपची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती बहुधा नट मोजतो. मालिका चालू असताना प्रभावळकर औषध कंपनीत नोकरी करत होते आणि बाळ कर्वे मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. (नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काहीबाही लिहिणाऱ्यांनी हे वाचून उगाच ताठ बसायला हरकत नाही :-) ) १९७९ साली उलटा प्रवास झाला, याच दोघांना घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा सिनेमा आला. त्यानंतर प्रभावळकर चिमणरावांच्या घरातून हुशारीने बाहेर पडले. 'हसवाफसवी'तल्या सहा भूमिका, 'चौकट राजा', 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधी. दर वेळी असा चेहरा की मागचा पुसला जावा. कर्व्यांनीही पुढे नाटक-सिनेमात कामं केली. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन ते गेले, तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत नाव गुंड्याभाऊंचंच होतं. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या कामाचं. सिनेमाचा नट त्या सिनेमापुरता लक्षात राहतो, मालिकेचा नट घरातला होतो. आणि घरातल्या माणसाला आपण दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. हा मान आहे की बेडी, हे ज्याचं त्यानेच सांगावं.

चिमणरावांची एक शाखा पुढेही वाढली. प्रभावळकरांनी वर्तमानपत्रात 'अनुदिनी' नावाचं सदर लिहिलं, एका कुटुंबातल्या माणसांच्या डायऱ्यांचं. त्यावरून २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली, दिग्दर्शक केदार शिंदे, आणि टिपरे आबा स्वतः प्रभावळकर. आपल्या पिढीची मालिका! बघा, इथेही मूळ सिनेमा नाही, सुट्या सुट्या नोंदी आहेत. इथेही तो "मी" आहे. इथेही कोणी जिंकत नाही, घर फक्त चालू राहतं. चिमणराव ज्याने अंगावर वागवले त्यालाच हे उमगलं, हा मला योगायोग वाटत नाही.

तर थोडक्यात काय, पुढच्या वेळी कोणी गाडीत "ह्याच्यावर मालिका काढा राव" म्हणालं, तर त्याला एक टेस्ट केस द्या. सिनेमाची गोष्ट पूर्ण पुसून टाक. युक्ती नाही, लग्न नाही, शेवट नाही. आता तीच माणसं एका खोलीत बसव आणि त्यांना नुसता चहा दे. हसू येतंय? मग खुशाल लिही. नाही येत? मग सिनेमाच परत बघ, तो आहे तिथे उत्तम आहे.

'बनवाबनवी' या टेस्टला उतरतो का? धनंजय माने आणि परश्याला नुसता चहा दिला तर बहुतेक उतरेल, असं माझं मत. साड्या मात्र आधी कपाटात ठेवाव्या लागतील, आणि लीलाबाईंना सगळं पहिल्या भागातच सांगून टाकावं लागेल. त्यानंतर काय होईल हे लिहायला मात्र चिं. वि. जोशी पाहिजेत.

असो. उद्या सोमवार. सगळे व्हेरिएबल पुन्हा होते तिथे!